रस्ता एकेरी झाला, पण वाचलेली जागा कुणाला मिळाली?

पुणे शहराचे रस्ते आखणाऱ्या आणि त्यांवरच्या वाहतुकीची दिशा ठरवणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना, तसेच आम्हा पेठकरांच्या मतांवर निवडून येणाऱ्या लोकप्रतिनिधींना,

स. न. वि. वि.

मी सदाशिव पेठेत, शनिपाराजवळ राहते. लग्न होऊन या घरात आले त्याला चौतीस वर्षं झाली. माझ्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. रोज सकाळी तुळशीबागेतल्या रामाचं दर्शन घ्यायचं हा त्यांचा नेम माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. घर ते देऊळ अंतर किती, तर चालत दहा मिनिटं. पण मध्ये बाजीराव रस्ता आहे.

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी त्या हातात फुलांची परडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मी दोन पावलं मागे होते. बाजीराव रस्ता एकेरी, गाड्या येतात त्या अप्पा बळवंत चौकाकडून, म्हणजे आमच्या डाव्या हाताने. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी डावीकडे पाहिलं. सिग्नल लागलेला होता, रस्ता मोकळा दिसत होता. त्यांनी पाऊल खाली टाकलं आणि उजवीकडून, अगदी कडेला घासून, उलट दिशेने आलेल्या स्कूटरचा आरसा त्यांच्या दंडाला लागला. त्या पडल्या. परडी लांब जाऊन पडली, बेलाची पानं रस्ताभर झाली. मनगटाचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं. हाड सांधलं, पण तेव्हापासून त्या एकट्या देवळात जात नाहीत. मला वेळ असला तर जातात, नसला तर खिडकीतूनच हात जोडतात.

स्कूटर चालवणारा कुणी टवाळ पोरगा नव्हता. पुढे मुलीला उभं करून तिला शाळेत सोडायला निघालेला, आमच्याच मागच्या गल्लीतला गृहस्थ होता. त्यानेच सासूबाईंना उचललं, त्यानेच रिक्षा थांबवली. मला त्याचा राग आला होता आणि अजूनही आहे. मुलगी पुढे उभी असताना असं कुणी करू नये. त्याला जायचं होतं जेमतेम दोन इमारतींपलीकडच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. कायद्याने जायचं तर आधी मंडईच्या अंगाने शिवाजी रस्ता गाठायचा, तिथून उत्तरेला जायचं, मग पश्चिमेला वळून पुन्हा बाजीराव रस्त्यावर उतरायचं. शाळेची घंटा व्हायला सात मिनिटं उरली असताना हा वळसा माणूस घालत नाही. घालायलाच हवा, हे मला मान्य आहे. पण घालत नाही, हे तुम्हालाही रोज दिसतं.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे. मी अभियंता नाही, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. जे वाचलं, पाहिलं आणि मोजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

एकेरी वाहतुकीमागचा तुमचा हिशेब मला कळतो. दोन दुहेरी रस्ते चौकात एकमेकांना छेदतात तेव्हा गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडतील अशा ३२ जागा तयार होतात, असं वाहतूक अभियांत्रिकीच्या पुस्तकांत असतं. रस्ते एकेरी केले की या जागा खूप कमी होतात. उजवीकडे वळणारी गाडी समोरून येणाऱ्यांना अडवून मध्येच उभी राहत नाही. सिग्नलच्या पाळ्या कमी होतात, वाट पाहणं कमी होतं. शिवाजी रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे, बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडून पूरम चौकाकडे, लक्ष्मी रस्ता अलका चौकाच्या दिशेने, ही व्यवस्था ज्यांनी बसवली त्यांच्यापुढे शहर तुंबण्याचा खरा प्रश्न होता. त्यांनी केलं ते चूक होतं असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही.

माझा प्रश्न जागेचा आहे. समोरून गाडी येणार नाही असं एकदा ठरलं की तेवढ्याच रुंदीच्या रस्त्यात जागा वाचते. दुहेरी रस्त्यावर दोन्ही दिशांना आपापली वाट लागते, एकेरीत ती सलग मिळते. बाजीराव रस्त्यावर अशी वाचलेली जागा कुठे गेली ते बघायला या. काही जागा उभ्या गाड्यांनी घेतली, काही धावणाऱ्या गाड्यांच्या वेगाने. फुटपाथला त्यातलं काही मिळालं नाही. विश्रामबागवाड्यासमोरून चालत या. मध्येच विजेच्या डीपीची पेटी, पुढे दुकानाची पायरी बाहेर आलेली, मग झाडाचं आळं, मग एक दुचाकी थेट वर चढवून लावलेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी, अडथळा नसलेली रुंदी हवी असं म्हटलं आहे, म्हणजे दोन माणसं समोरासमोरून सहज जातील एवढी. आमच्याकडे सासूबाईंचा हात धरून मला त्यांच्या शेजारून चालता येत नाही. एक पुढे, एक मागे असंच चालावं लागतं. त्या दिवशी मी दोन पावलं मागे होते, ते याच कारणाने.

रस्ता एकेरी करताना शहराने पेठेकडून काहीतरी घेतलं. दारात रिक्षा थांबवायची सोय गेली, दोन्ही दिशांची बस एकाच रस्त्यावर मिळायची ती गेली, घरी परतायची सरळ वाट गेली. याच्या बदल्यात पेठेला काय मिळालं, हा प्रश्न कुणी विचारलेला माझ्या ऐकिवात नाही. ज्यांना स्वारगेटहून शिवाजीनगरला लवकर पोचायचं होतं त्यांना मिळालं. ते आमच्या दारावरून जातात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, मीही कधी कात्रजहून येताना त्यांच्यातलीच असते.

बसचं जरा सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्या हे लक्षात येत नाही. महापालिकेच्या बाजूला जायचं तर बस शिवाजी रस्त्यावर मिळते आणि परतताना ती बाजीराव रस्त्याने येते. म्हणजे चढायचा थांबा एका रस्त्यावर आणि उतरायचा दुसऱ्याच. नव्याने पेठेत आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं, पण मंडईपर्यंत चालत जायचं, मंडईच्या गर्दीतून वाट काढत शिवाजी रस्ता गाठायचा आणि तिथे कडेला उभं राहून बसच्या दारापाशी धावायचं, हे सत्तरीनंतर जमत नाही. मग रिक्षा होते. रिक्षाही वळसा घालूनच जाते आणि मीटर त्या वळशाचाही पडतो. दुहेरी रस्त्यावर असा प्रश्न नसतो. जिथे उतरलो त्याच्या समोरच्या बाजूला परतीची बस. टिळक रस्त्यावर हे आहे आणि तिथे राहणाऱ्या माझ्या बहिणीला त्याचं मोलही वाटत नाही, इतकं ते सहज आहे.

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. मंडईच्या स्थानकात मी पहिल्यांदा उतरले तेव्हा मला पहिली गोष्ट जाणवली ती हीच, की जाणारी आणि येणारी गाडी इथे एकाच ठिकाणी मिळते. जमिनीखाली पेठ पुन्हा दुहेरी झाली आहे. मग वर, शिवाजी आणि बाजीराव रस्त्यांवरून, शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे नुसता जाणारा भार पूर्वीइतकाच धरून नियोजन का व्हावं? ही मेट्रो नेमका याच दोन रस्त्यांवरचा भार उचलायला केली आहे. तिने उचललेल्या भाराने जी उसंत मिळेल ती पुन्हा गाड्या उभ्या करण्यात आणि वेगात जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

वेगाबद्दल. एकेरी रस्त्यावर समोरून कुणी येणार नाही ही खात्री असते, म्हणून गाडी चालवणाऱ्याची नजर लांब जाते आणि पाय आपोआप दाबला जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. दिवसा आमच्याकडे गर्दीच इतकी असते की वेग घेता येत नाही, हे खरं. पण रात्री साडेनऊनंतर आणि पहाटे सहाच्या सुमाराला, नेमकी म्हातारी माणसं फिरायला आणि मुलं क्लासला बाहेर पडतात तेव्हा, हाच रस्ता शर्यतीचा होतो. शिवाजी रस्त्यावर एकच जागा अशी आहे जिथे कुणी न सांगता वेग उतरतो, ती म्हणजे दगडूशेठ गणपतीसमोर. दुचाकीवाला हँडलवरचा एक हात काढून छातीशी नेतो, गाडीवाला काच खाली करतो, बस रेंगाळते. आजूबाजूला इतकी माणसं चालत असतात की गाडीला आपण इथे पाहुणे आहोत असं वाटतं. मला माझ्या पेठेतला प्रत्येक चौक असा हवा आहे.

२०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ३२,८२५ चालणारी होती. हे केंद्र सरकारचे आकडे आहेत. रस्त्याबद्दल कुठलाही निर्णय घेताना टेबलावर आधी हा आकडा ठेवला जावा असं मला वाटतं.

बाहेरच्या देशांत याचा अनुभव काय आहे तेही थोडं सांगते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर बऱ्याच शहरांनी आपल्या मध्यवस्तीतले रस्ते एकेरी केले, उपनगरांतून कामाला येणाऱ्यांना संध्याकाळी झटकन बाहेर पडता यावं म्हणून. पुढे मध्यवस्त्या ओस पडल्या. त्याची कारणं अनेक होती, पण अनेक शहरांना वाटलं की या रस्त्यांचाही त्यात हात आहे, आणि त्यांनी ते पुन्हा दुहेरी केले. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलमध्ये २०११ साली ब्रुक आणि फर्स्ट हे दोन एकेरी रस्ते दुहेरी झाले. रिग्ज आणि गिल्डरब्लूम या दोन अभ्यासकांनी आधीचं आणि नंतरचं मोजून पाहिलं. एका रस्त्यावर गाड्यांच्या धडका ३६ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, दुसऱ्यावर ६० टक्क्यांनी, आणि तेही गाड्यांची संख्या वाढलेली असताना. गुन्हे सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले, घरांच्या किमती वाढल्या. रस्ता नुसता निघून जायचा राहिला नाही, लोक तिथे थांबायला लागले.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहराने १९५६ साली आपले मुख्य रस्ते एकेरी केले होते. तिथल्या मुलांच्या अपघातांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एकेरी रस्त्यांवर पायी जाणाऱ्या मुलांना दुखापत होण्याचं प्रमाण दुहेरी रस्त्यांच्या अडीच पट निघालं. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नूमवि शाळा सुटण्याची वेळ आली. पाठीवर दप्तर घेतलेला मुलांचा लोंढा बाजीराव रस्त्यावर येतो आणि मुलं एकमेकांच्या शर्टाला धरून पलीकडे पळतात. तेही एकाच बाजूला बघतात. आम्हीच त्यांना तसं शिकवलं आहे, ‘वन-वे आहे, डावीकडे बघ नि पळ’. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला हे लिहिताना वाईट वाटतं.

आणखी एक जुना अभ्यास माझ्या मनातून जात नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड या संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोतले तीन शेजारशेजारचे रस्ते घेतले. एकावर दिवसाला २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,७००, तिसऱ्यावर १५,७५०. हा तिसरा, सगळ्यांत वाहता, एकेरी होता. तिन्हीकडे त्याने घरोघरी जाऊन विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? शांत रस्त्यावरच्या माणसाला सरासरी तीन होते. एकेरी, वाहत्या रस्त्यावरच्या माणसाला एकही पुरता नव्हता. लोकांनी नकाशावर आपलं घर म्हणून जी हद्द काढली, ती शांत रस्त्यावर पलीकडच्या फुटपाथपर्यंत गेली होती आणि वाहत्या रस्त्यावर आपल्या दारातच संपली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या समोरच्या वाड्यातल्या काकू खिडकीतून हाक मारायच्या आणि मी वाटी घेऊन पलीकडे जायची. आता त्या वाड्याच्या जागी इमारत आहे. समोर कोण राहतं ते मला माहीत नाही. याला वाडे पाडणंही कारण आहे, टीव्हीही आहे, सगळं आहे. पण विरजण मागायला कुणी बाजीराव रस्ता ओलांडत नाही, हेही खरं.

तरीही मी इतक्या सरळपणे ‘सगळे रस्ते दुहेरी करा’ असं म्हणणार नाही. लुइव्हिलचे रस्ते आमच्यापेक्षा रुंद, गर्दी कितीतरी कमी. सदाशिव, शुक्रवार आणि बुधवार पेठांतल्या आतल्या गल्ल्या दुहेरी ठेवल्या आणि दोन टेम्पो समोरासमोर आले तर काय होतं ते मी रोज बघते. बार्सिलोनाने २०१६ पासून पोब्लेनोऊ भागात जे केलं ते मला इथे जास्त जवळचं वाटतं. तिथे आतले रस्ते एकेरीच आहेत, पण ते अशा रीतीने वळवले आहेत की बाहेरची गाडी वस्तीत शिरली तर पलीकडे निघत नाही, फिरून ज्या मोठ्या रस्त्यावरून आली तिथेच परत येते. त्यामुळे ज्याला वस्तीत काम आहे तोच आत येतो. आपल्याकडे आतल्या गल्ल्यांची दिशा ठरवताना नेमकं उलटं होतं. मोठ्या रस्त्यावर कोंडी झाली की गल्ली एकेरी करून तिला आडवाट बनवलं जातं, आणि जिथे मुलं क्रिकेट खेळायची तिथून स्वारगेटची वाहतूक जाते. एकेरी हे साधन आहे. त्याने वस्ती वाचवताही येते आणि कापताही येते.

गाड्यांच्या दृष्टीनेही एकेरीचा फायदा वाटतो तेवढा नाही, हे मला शिकायला मिळालं. गयाह आणि दगान्झो या वाहतूक अभ्यासकांनी २०१२ साली मांडलं की जिथे प्रवास छोटे असतात तिथे दुहेरी रस्त्यांचं जाळं जास्त प्रवास पार पाडू शकतं, कारण एकेरीत प्रत्येकाला वळसा पडतो आणि तो वळसाही रस्त्यावरच घालायचा असतो. पेठेतले प्रवास छोटेच असतात. मंडई, बँक, औषधाचं दुकान, शाळा, देऊळ. आमच्या वळशांनी तुमचीच कोंडी वाढते आहे.

आता मागण्या. पहिली, जिथे एकेरी ठेवायची आहे तिथे वाचलेली जागा आधी चालणाऱ्यांना द्या. बाजीराव रस्त्याच्या एका बाजूचं पार्किंग काढा आणि त्या जागेत सलग, मोकळा फुटपाथ करा. हे पुण्याला जमत नाही असं नाही. डेक्कनवरच्या जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ याच शहराने केला आहे. तोही एकेरी रस्ताच आहे आणि तिथे आज माणसं बाकावर बसून गप्पा मारतात, मुलं खेळतात. २०१६ साली पुण्याने स्वतःचं पादचारी धोरणही मंजूर केलं. त्यात चालणाऱ्याला अग्रक्रम दिला आहे. तो कागदावरचा अग्रक्रम डेक्कनवर उतरतो तर शनिपारावर का उतरू नये? पेठेतली माणसं तर रोज चालतच असतात.

पार्किंग काढायचं म्हटलं की दुकानदारांचा विरोध होईल, हे मला माहीत आहे. माझे दीर त्यांच्यातलेच आहेत, त्यांच्याशी या विषयावर माझं दोनदा भांडण झालं आहे. त्यांना मी एकच सांगते, ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर येऊन बघा. २०२१ पासून त्या दिवशी तिथे वाहनं बंद ठेवून पादचारी दिन करतात. त्या दिवशी रस्त्याच्या मध्यभागातून चालणाऱ्या बायका दुकानांच्या पाट्या वाचतात. एरवी त्या खाली पायाकडे बघून चालतात.

दुसरी, निदान बससाठी उलट दिशेची एक राखीव मार्गिका शिवाजी किंवा बाजीराव यांपैकी एका रस्त्यावर करता येईल का, याचा गांभीर्याने अभ्यास करा. जाण्याची आणि येण्याची बस एकाच रस्त्यावर मिळाली तर आमच्या म्हाताऱ्या माणसांचं अर्धं शहर परत मिळेल. पूर्ण लांबीत जमणार नसेल तर जिथे रुंदी आहे तिथे करा. आणि सायकलला उलट दिशेने जाऊ द्यायचा विचार करा. बेल्जियमने २००४ पासून पुरेशा रुंदीच्या एकेरी रस्त्यांवर सायकलला दोन्ही दिशांनी मुभा दिली आहे. तिथे एकेरीच्या फलकाखाली तशी छोटी पाटी असते. गाडीवाल्याला माहीत असतं की समोरून सायकल येणार, म्हणून तो हळू चालवतो. आपल्याकडेही समोरून येणारे येतातच. चोरून येणाऱ्यापेक्षा रंगवलेल्या पट्ट्यातून, सगळ्यांना दिसेल असं येणारा बरा. मोटारसायकलला मात्र ही मुभा कधीही नको.

तिसरी, शाळांपुढचे आणि देवळांपुढचे झेब्रा फुटपाथच्या उंचीला आणा. गाडीने चढून उतरावं, माणसाने नाही. सासूबाईंना फुटपाथवरून उतरताना गुडघा धरावा लागतो, आणि त्या वेळी त्यांची मान खाली असते. तेवढे दोन सेकंद त्या कुठल्याच बाजूला बघत नसतात.

राँग साइडवर कारवाई करा, जरूर करा. उलट दिशेने गाडी चालवणं आता मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनात धरलं जातं, हे योग्यच आहे. पण जिथे राँग साइड रोज, त्याच जागी, त्याच वेळी होते तिथे आखणीकडेही बघा. पोलीस उभा असेपर्यंत ती थांबते, पोलीस हलला की पुन्हा सुरू होते.

आणि पद्धतीबद्दल. याच कायद्याच्या कलम ११५ खाली वाहतुकीत एक महिन्यापुरता बदल राजपत्रात न छापता करता येतो, पण स्थानिक प्रसिद्धी द्यायची असते. ही प्रसिद्धी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चार ओळींत संपू नये. ज्या गल्लीची दिशा बदलणार त्या गल्लीच्या तोंडाशी मराठीत मोठा फलक लावा आणि संध्याकाळी सात वाजता जवळच्या शाळेच्या सभागृहात या. सकाळी अकराला कार्यालयात ठेवलेल्या सुनावणीला नोकरी करणारं, दुकान चालवणारं किंवा नातवंडं सांभाळणारं माणूस येऊ शकत नाही. प्रायोगिक म्हणून बदल केला तर प्रयोगासारखा करा. आधी मोजा, नंतर मोजा आणि दोन्ही आकडे त्याच फलकावर लावा. आणि मोजताना फक्त गाड्या मोजू नका. चालणारे मोजा, बसमधली माणसं मोजा, रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावं लागतं ते मोजा. रात्री नऊ वाजता फुटपाथवर किती बायका एकट्या चालताना दिसतात ते मोजा.

मी थोडं मोजलं आहे. सासूबाईंचं प्लास्टर निघाल्यावर शेजारच्या दोघींना घेऊन एका आठवड्यात चार संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो, प्रत्येकी एक तास. दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले, शाळेत मुलांना शिकवतात तशा चार उभ्या नि एक आडवी अशा रेघा मारल्या. चालणारे, ओलांडणारे, ओलांडताना मागे फिरलेले, बस, रिक्षा, चारचाकी, सुलट दुचाकी, उलट दुचाकी. चार तासांच्या मोजणीवर कुणी निर्णय घेऊ नये, म्हणून आकडे इथे लिहीत नाही. ‘ओलांडताना मागे फिरलेले’ हा रकाना शेजारणीने सुचवला होता. पहिल्याच दिवशी तो भरून समासात गेला. त्यात बहुतेक सगळी सासूबाईंच्या वयाची माणसं होती. उलट आलेल्या दुचाक्यांवर दूधवाला होता, गॅसचं सिलिंडर आणणारा होता, मुलांना शाळेतून आणणारे आई-बाप होते. तुमच्या माणसांनी ही मोजणी नीट यंत्रं लावून, आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ पुन्हा करावी.

वहीची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. मूळ वही माझ्याकडे आहे, हवी असेल तेव्हा आणून देईन. आमची बसायची जागा, वेळ आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

आपली,
शनिपाराजवळची एक रहिवासी, सदाशिव पेठ, पुणे